दिवसातून एकदा, चिमूटभर

तुंगार्ली, लोणावळा
१४ जुलै २०२५

आयुष्मान गोरखदाजी,

मंगल असो.

आषाढ पौर्णिमेला आमचा वर्षावास सुरू झाला. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत आम्ही पाचजणी याच आवारात. विहार म्हणजे कोणा उपासकानं दिलेला जुना बंगला आहे. शेजारचे दोन्ही बंगले शनिवार-रविवार पर्यटकांना भाड्यानं जातात. त्यामुळे आमचं ध्यान लग्नाच्या गाण्यांवर चालतं. थोरल्या आर्याजी म्हणतात, ज्याला या आवाजात मन आवरता आलं त्याला कुठंही आवरता येईल.

जेवण दुपारी बाराच्या आत, त्यानंतर काही नाही. पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की पोटात कावळे कोकलायचे. आता कावळ्यांनीही दीक्षा घेतली असावी. फोन जमा केले आहेत. एक थोरल्या आर्याजींकडे असतो, तो अगदी निकडीला. तेव्हा पत्रच लिहा.

माशांचं सांगून निघाले होते, पण पुन्हा सांगते, कारण तुमचा हात सढळ आहे आणि मला त्याचंच भय आहे. दाणे दिवसातून एकदाच, सकाळी, चिमूटभर. टाकले की समोर उभं राहून बघायचं. दोन-तीन मिनिटांत संपले तर बरोबर, तळाला जाऊन पडले तर तुम्ही जास्त टाकले. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, हे मला टाकी विकणाऱ्यानंच सांगितलं होतं. आठवड्यातून एक दिवस काहीच घालायचं नाही. त्यांनाही उपोसथ घडू दे. भात नको, भाकरीचा चुरा नको. काचेजवळ कोणीही गेलं तरी ते पळत येतात, त्याला भूक समजू नका. ती ओळख असते, आणि थोडा लबाडपणा.

ताईचं अन्न कमी झालं होतं मी असताना, ॲसिडिटी म्हणाली होती. आता कसं आहे? मी निघाले त्या दिवशी ती दारापर्यंतही आली नाही, ते मनातून जात नाही. तिला म्हणावं, तुमच्या पत्राखाली दोन ओळी लिही. काय लिहिलंस याला महत्त्व नाही, मला तुझं अक्षर बघायचं आहे.

हिरा
(इथं नाव वेगळं आहे, पण तुम्हाला ते लक्षात राहणार नाही.)


बेगडेवाडी
२५ जुलै २०२५

आदरणीय आर्याजी,

वंदामि. वर 'हिरा' लिहून खोडलंय, ते दिसत असेल. आमच्या घरात राहून, माझ्याशी भांडून, माझ्या पोराला, विक्कीला, लहानाचं मोठं केलेल्या मेहुणीला एकदम वंदामि म्हणायचं तर जीभ अडखळते. पेनही अडखळलं.

तुमचं पत्र मिळायला आठवडा लागला. लोणावळ्याहून आमच्या बेगडेवाडीला लोकल तासाच्या आत येते. पत्र बहुधा पुण्याला जाऊन, चहा पिऊन, मग निवांत आलं.

टाकीचं पाणी पांढरं झालंय, पातळ ताकासारखं. मासे सारखे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतात. आता मी सगळी नोकरी रेल्वे फाटकावर काढली. लोकांना अडवून ठेवणं हेच माझं काम होतं, आणि हॉर्न वाजवणाऱ्या मोटारवाल्यांचं मी कधी ऐकलं नाही. पण तोंड उघडून उभ्या राहिलेल्याला नाही म्हणायचं मला जमत नाही. सकाळी घालतो. दुपारी बघतो तर पुन्हा वर. मग पुन्हा घालतो. संध्याकाळीही थोडं. आणि खातात हो! टाकलं की खातात. बघत उभं राहावंसं वाटतं. ताई म्हणते, एवढं आहे तर त्यांच्याशीच लगीन लावा. काळ्या मोली माशांतली एक मात्र गेली. म्हातारी झाली असेल.

ताई बरी आहे. जेवते. आज मी इंद्रायणीच्या तांदळाची पेज केली होती. जरा करपली, पण वास काय सुटला. तिनं घेतली.

दोन ओळी लिहायला बसली होती, पण डोळा लागला. पुढच्या वेळी लिहील. विक्कीच्या कंपनीत रात्रपाळी चालू आहे. बाकी ठीक.

आपला,
गोरख


तुंगार्ली
३ ऑगस्ट २०२५

आयुष्मान दाजी,

ते मागत नाहीत, दाजी. ते गुदमरतात.

तुम्ही घातलेलं त्यांना संपत नाही. उरलेलं तळाशी कुजतं, त्यानं पाणी नासतं, आणि नासलेल्या पाण्यात श्वास पुरत नाही म्हणून ते वर येतात. तुम्हाला वाटतं भूक लागली, तुम्ही आणखी घालता. मोली म्हातारी नव्हती. मी गेल्या दिवाळीत आणली होती.

आता एवढं करा. चार दिवस एकही दाणा टाकू नका. काही होत नाही त्यांना, आठवडाभर सुखानं राहतात. उपासानं मासा क्वचित मरतो, घालून घालून मात्र हमखास मरतो. नळाचं पाणी बादलीत भरून एक दिवस तसंच ठेवा, आणि टाकीतलं साधारण तिसरा हिस्सा पाणी काढून ते घाला. सगळं पाणी बदलू नका. तळाची घाण नळीनं ओढून घ्या, नळी मोरीतल्या खुंटीला आहे. मग बघा, आपोआप खाली जातील.

मला माहीत आहे, न घालणं अवघड असतं. घालताना आपल्यालाच बरं वाटतं. अंगणवाडीत असताना मी आयांना हेच सांगायची, लेकराचं पोट भरलं की हात आवरा, तुमचं मन भरेपर्यंत भरवू नका. त्या माझ्यावर रागवायच्या.

एक विचारते. पेज तुम्ही का केलीत? ताई तुम्हाला चहासुद्धा करू देत नाही, गॅसचा ओटा राडा करता म्हणून. आणि ती लिहायला बसली आणि तिला झोप लागली, हे काही मला पटलं नाही. ती दुपारी आडवी झालेली मी कधी पाहिली नाही.

तिला राग आहे का माझ्यावर? खरं लिहा.

हिरा


बेगडेवाडी
१३ ऑगस्ट २०२५

आदरणीय आर्याजी,

वंदामि.

पाणी बदललं. नळी खुंटीलाच होती. दोन दिवसांत पाणी निवळलं, मासे खाली गेले. तुमचा शब्द खरा ठरला. पण चार दिवस काही माझ्याच्यानं झालं नाही. पहिला दिवस निभावला, दुसऱ्या दिवशी थोडे दाणे टाकलेच. रागावू नका. विक्की कंपनीत जेवून येतो आणि घरी आला की झोपतो. ताईला माझ्या हातची चव आवडत नाही. या घरात मी केलेलं कोणी आनंदानं खात असेल तर ते मासेच. तिथं उभा राहिलो की वेळ कसा जातो कळत नाही.

ताईच्या पोटाला पावसाळ्यात जरा जड जातं, म्हणून पेज. काळजीचं कारण नाही. उलट हल्ली छान जेवते. वाटीभर पेज संपवते, मुगाचं कढणही घेते. मध्यंतरी उलट्या व्हायच्या त्याही थांबल्या. ओट्याचा राडा मी करतो हे खरं आहे, पण तिनं आता तिकडे लक्ष देणं सोडलंय.

राग कसला असणार? रोज सकाळी विचारते, "पुनव किती लांब ऱ्हायली?" आश्विन पौर्णिमेला तुम्ही मोकळ्या होणार आणि घरी येणार, त्याची वाट बघते. कॅलेंडर तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर आणून लावलंय.

तिचा हात दुखतो म्हणून तिनं सांगितलं ते मीच लिहितो: "चि. हिराला अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती उत्तम आहे. तू धम्ममार्गात अशीच प्रगती कर. सुखी राहा. तुझी ताई, चंपा."

आपला,
गोरख


तुंगार्ली
२२ ऑगस्ट २०२५

आयुष्मान दाजी,

ताईच्या नावानं लिहिलेल्या त्या ओळी तुमच्या आहेत. ताई मला जन्मात कधी 'अनेक आशीर्वाद' म्हणाली नाही. ती म्हणते, "जेवलीस का गं भवाने." तुम्ही फाटकावरच्या साहेबाला अर्ज लिहावा तसं लिहिलंत, तेव्हाच कळलं.

म्हणजे तिनं एक ओळही सांगायला नकार दिला. तुम्ही मला वाईट वाटू नये म्हणून झाकता आहात. झाकू नका. मी चीवर घेऊन भिक्खुणी होणार म्हटल्यापासून तिचं वागणं बदललं होतं. माझ्यासमोर जेवायला बसेना. मी निघाले त्या सकाळी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी दारात उभं राहून हाक मारली, तिनं वळूनही पाहिलं नाही. माझा नवरा गेल्यावर याच बहिणीनं मला घरात घेतलं, सासरच्यांशी भांडून आणलं. आता म्हातारपणी तिला टाकून मी निघाले, असं तिला वाटलं असणार. तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं. पण मला ते सहन होत नाही, दाजी. डोळे मिटून बसले की तिची पाठ दिसते.

परवा आमच्यातल्या एकीची आई आजारी पडली, ती गावी गेली. मला आश्चर्य वाटलं, कारण वर्षावासात बाहेर राहता येत नाही असंच मी धरून चालले होते. थोरल्या आर्याजींना विचारलं. त्या म्हणाल्या, दुखणंखुपणं असेल तर सात दिवसांपर्यंत जाता येतं, वर्षावास मोडत नाही. आईवडलांकडे न बोलावताही जावं. भावाबहिणीकडे मात्र त्यांनी बोलावलं तरच. बुद्धांच्या वेळेपासून तसं आहे. मी विचारलं, बहिणीचं मन दुखत असेल तर? त्या म्हणाल्या, तेही दुखणंच, पण बोलावणं आलं पाहिजे.

म्हणून तिला सरळ विचारा, हिरानं यावं का? हो म्हणाली तर एक शब्द लिहा. एका दिवसासाठी येईन, तिचा राग ऐकून घेईन, परत जाईन. नको म्हणाली तर तेही लिहा. मी पुन्हा विचारणार नाही.

हिरा


बेगडेवाडी
२९ ऑगस्ट २०२५

हिरा,

वंदामि वगैरे राहू दे. हे पत्र विक्कीच्या हाती देतोय, पोस्टाचा भरवसा नाही. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

ताई तुझ्यावर रागावलेली नाही. तिच्या पोटात गाठ आहे. वैशाखात कळलं, तू चीवर घेण्याच्या आधी. डॉक्टर म्हणाले, आता कापाकापीत अर्थ नाही, घरी न्या, जपा. दवाखान्यातून येताना रिक्षातच तिनं माझा हात धरला. म्हणाली, "हिराला सांगायचं न्हाई. तिला कळलं तर ती जायची न्हाई. लय वर्सं तिनं आपल्यासाटी घातली. आता तिचं तिला जगू द्या." तुझ्यासमोर जेवत नव्हती ती तुला कळू नये म्हणून. तू निघालीस त्या सकाळी तिला कुशीवर वळताही येत नव्हतं. तू हाक मारलीस तेव्हा ती तोंडात पदर कोंबून पडली होती. मी पलीकडे उभा होतो, मी पाहिलं.

आम्हाला दोघांना वाटलं, वर्षावासात बसलेल्या बाईला संसारातली हाक मारली तर तिचं व्रत मोडतं आणि ते पाप आपल्या माथी. कोणाला विचारावं हेसुद्धा सुचलं नाही. मग तिनंच ठरवलं, पौर्णिमेपर्यंत थांबायचं. तेवढ्यासाठी ती खात होती. डॉक्टर म्हणाले होते, मागतील तेवढंच द्या, बळजबरी करू नका. पण तिला पौर्णिमा गाठायची होती आणि मला तिला पोचवायचं होतं. चमचा चमचा भरवत होतो. आषाढात ओकायची, तोंड पुसायची आणि म्हणायची, "आणा अजून." श्रावण लागला आणि ओकणं थांबलं. मला वाटलं, सुधारतेय. मी वेडा, रोज वाटी मोठी करत गेलो.

आज तुझं पत्र आलं. सगळं वाचून दाखवलं. सात दिवसांचं ऐकून तिनं डोळे मिटले. म्हणाली, "म्हंजी एवडं सोपं व्हतं?"

मी वाटी पुढं केली. तिनं मान फिरवली. "आता नगं," म्हणाली. "तिला बोलवा."

मी बोलावतोय. ती बोलावतेय. विक्कीबरोबर लगेच निघ.

गोरख


बेगडेवाडी
२१ सप्टेंबर २०२५

आदरणीय आर्याजी,

वंदामि.

ताईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं बरीच आली, रेल्वेच्या गँगमध्ये होते ते जुने लोकही आले. सगळे जेवून गेले. तुम्ही सात दिवस भरताना परत गेलात ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लिहितोय ते दुसरंच. लिहू नये असं वाटतं, पण आता घरात बोलायला कोणी नाही.

तुम्ही आलात त्या दुपारपासून ती जाईपर्यंतचे दिवस मी डोळ्यांसमोरून घालवू शकत नाही. तुम्ही तिच्या उशाशी बसलात. तिचा हात तुमच्या हातात. मी वाटी घेऊन आलो की तुम्ही हळूच म्हणायचात, "दाजी, राहू द्या आता." कापसानं ओठ ओले करायचात, बस. मी वाटी घेऊन दारात उभा, आणि परत फिरून ती मोरीत ओतायची. इतके महिने जे माझं काम होतं, ते त्या दिवशी संपलं.

मी तुम्हाला दोष देत नाही असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला? देतो. तुमचं ते सात दिवसांचं पत्र आलं आणि तिनं मान फिरवली. ते आलं नसतं, निदान पुण्यात आठवडाभर पडून राहिलं असतं, तर तिनं आणखी आठवडाभर माझ्या हातचं खाल्लं असतं. कोण जाणे, पौर्णिमेपर्यंतही गेली असती. तिला तुमच्यासाठी जगायचं होतं. तुम्ही येणार हे नक्की झालं आणि तिनं खाणं सोडलं. माझ्यासाठी आणखी एक चमचा घ्यावा असं तिला वाटलं नाही. इतक्या वर्षांचा संसार केला आम्ही.

हे लिहिताना लाज वाटते. बहीण गेलेल्या माणसाला असं लिहू नये. पण तुम्ही आता खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हालाच विचारता येतं. शेवटी तिनं माझं नाव काढलं का?

मासे ठीक आहेत. सकाळी एकदाच घालतो. दुसऱ्यांदा घालायची इच्छा होत नाही.

गोरख


तुंगार्ली
२९ सप्टेंबर २०२५

दाजी,

तुमचं पत्र वाचून मी रडले. इथं कोणी अडवलं नाही.

शेवटचे दोन दिवस ताई बोललीच नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यामुळे तुमचं नाव निघालं नाही, माझंही नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून वेगळं लिहिलं असतं, पण ते आता माझ्याकडून होणार नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगितली पाहिजे. ताई मला म्हणाली होती, सांगू नको. मी हो म्हटलं नव्हतं, गप्प राहिले होते. तुमचं पत्र आलं नसतं तर गप्पच राहिले असते.

मी आले त्या दुपारी तिची उशी सारखी करायला गेले, तर खाली फडकी सापडली. जुन्या लुगड्याची, घड्या घातलेली, पेज वाळून कडक झालेली. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "ठेव तितंच. ह्यास्नी दावू नगं." श्रावण लागल्यापासून तिच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. तुम्ही भरवायचात ते ती गालात धरून ठेवायची. तुम्ही वाटी धुवायला वळलात की फडक्यात काढायची. शेजारच्या झुंबरबाई रोज तिला अंघोळ घालायला यायच्या, त्या फडकी पदराखालून न्यायच्या आणि आपल्या घरी धुवायच्या. ओकणं थांबलं म्हणून तुम्ही मला आनंदानं लिहिलंत, ते त्यामुळे थांबलं होतं. पोटात काही जातच नव्हतं.

तेव्हा दाजी, माझ्या पत्रानं तिचं खाणं थांबलं नाही. ते कधीच थांबलं होतं. त्या दिवशी तिनं फक्त लपवणं सोडलं. दमली होती ती.

मी तुम्हाला "राहू द्या" म्हणत होते ते यासाठी. कारण सांगता येत नव्हतं. तुम्ही दारात वाटी घेऊन उभे असायचात ते मलाही दिसत होतं.

हिरा


बेगडेवाडी
४ ऑक्टोबर २०२५

हिरा,

पत्र मिळालं. हातातलं टाकून झुंबरबाईंकडे गेलो. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, फडकी तुम्ही धुवायचात का? त्या म्हणाल्या, "व्हय भाऊ. वयनींनी बजावलं व्हतं. तुमी लय हौशीनं करता, तुमचं मन मोडंल म्हनून." आणि आत जाऊन त्यांनी धुतलेली, घडी केलेली फडकी आणून दिली. तुमची वस्तू तुमच्याकडं असू द्या, म्हणाल्या.

मला वाटायचं, मी तिला फसवतोय. तुझ्या पत्रात तिच्याबद्दलची काळजी असायची ती गाळून वाचायचो. डॉक्टर काय म्हणाले ते अर्धंच सांगायचो. आणि ती रोज, माझ्या डोळ्यांदेखत! सगळी नोकरी मी येणाऱ्या गाडीवर डोळा ठेवून काढली, आणि हातभर अंतरावर बसलेल्या बाईच्या गालातला घास मला दिसला नाही.

राग गेला माझा. तुझ्यावरचा तर तिथंच गेला, पत्र वाचता वाचता. पण दुसरंच काहीतरी येऊन बसलंय आणि ते झोपू देत नाही. म्हणजे श्रावणापासून ती उपाशी होती. मी भरलेली वाटी घेऊन समोर बसलो होतो, इंद्रायणीचा वास घरभर सुटला होता, आणि ती उपाशी. मला एवढंच सांग. तिला भूक लागत होती का?

गोरख


तुंगार्ली
८ ऑक्टोबर २०२५

दाजी,

काल पौर्णिमेला वर्षावास पूर्ण झाला. रविवारी सकाळच्या लोकलनं मी घरी येते. तरी हे पत्र आज कोणाच्या तरी हाती पाठवते आहे, कारण तोवर तुम्ही झोपणार नाही. शिवाय समोर बसून मला हे सांगता येणार नाही.

तिला भूक लागत नव्हती. तुम्ही विचारलंत तेच मीही तिला विचारलं होतं, आले त्याच संध्याकाळी, तुम्ही दूध आणायला गेला होतात तेव्हा. ती म्हणाली, "भूक आषाडातच मेली गं. पान्याचीसुदिक वासना न्हाई ऱ्हायली."

मी म्हटलं, मग पौर्णिमेपर्यंत थांबायचं म्हणून खात होतीस ना? ती म्हणाली, पहिल्यांदा तसंच होतं. पुढं पोटात काही राहीना तेव्हाच तिला कळलं, पौर्णिमा काही आपल्याला दिसत नाही. मी म्हटलं, मग तोंड कशाला उघडत होतीस, बाई? गालात धरून ठेवायचं, फडक्यात काढायचं, एवढा जीवाला त्रास कशासाठी?

ती म्हणाली, "वाटी आनली की माज्यापाशी बसायचे गं. न्हाईतर दिसभर त्या माशांपाशी हुबे."

हिरा